‘परमनंट’ म्हणजे किती काळ?

भिलाईच्या हुडको वसाहतीत एखादे मराठी कुटुंब अर्ज भरावयास बसले की एका रकान्यापाशी लेखणी थबकते. सध्याचा पत्ता सहज लिहिला जातो. ‘परमनंट’ पत्ता मात्र पेच घालतो. आजोबांनी सोडलेले विदर्भातील गाव लिहावे, की जेथे हयात गेली ते घर? हा पेच वस्तुतः एका इंग्रजी विशेषणाच्या अर्थाचा आहे.

‘परमनंट’ हा शब्द ‘टिकून राहणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. मराठीने त्यासाठी ‘कायम’ हा मूळचा अरबी शब्द योजिला. त्याचा मूलार्थ ‘उभा असलेला’. दोहोंतही अनंतकाळाचे अभिवचन नाही. म्हणूनच त्याला ‘शाश्वत’ वा ‘चिरंतन’ हे प्रतिशब्द शोभत नाहीत. सत्य शाश्वत असते, नदी बारमाही, कापड टिकाऊ. नोकरी मात्र कायम असते, आणि तीही निवृत्तीच्या वयापर्यंतच!

या शब्दाचा खरा अर्थ ‘टेंपररी’ या त्याच्या प्रतियोग्यावरून उमगतो. लोहमार्ग बांधताना मालवाहतुकीसाठी तात्पुरते रूळ टाकीत. काम संपताच ते उचलीत. मागे राहणाऱ्या पक्क्या मार्गास इंग्रजीत ‘परमनंट वे’ हे नाव पडले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात अशा मार्गांसाठी रूळ तयार होतात. ते झिजतात, बदलले जातात. तरीही मार्ग ‘परमनंट’च राहतो. वस्तू अक्षय असणे नव्हे, तर तिच्या समाप्तीचा दिवस आधी ठरलेला नसणे, हे या विशेषणाचे मर्म होय.

कायदाही याला अपवाद नाही. 1793 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून दिला. ही व्यवस्था मराठीत ‘कायमधारा’ म्हणून ओळखली जाते. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकात जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांनी तीही संपुष्टात आणली.

आता पुन्हा त्या रकान्याकडे वळावे. अर्जात वेगळी सूचना असल्यास ती पाळावीच. परंतु शब्दापुरते पाहता तेथे ‘मूळ’ गाव विचारलेले नाही. मूळ म्हणजे माणूस जेथून आला ते. कायम म्हणजे जेथे तो उभा आहे आणि जेथून उठण्याचा दिवस ठरलेला नाही ते. हा भेद ध्यानी घेऊन हुडकोचा पत्ता लिहिला, तर आजोबांच्या गावाशी प्रतारणा होत नाही. ते गाव मूळच राहते. घर तेवढे कायम होते.