मार्सेलिसच्या पलीकडचा किनारा

मराठी घरांत मार्सेलिस हे नाव एका उडीमुळे राहिले आहे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहून धक्का गाठला. पण फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ही हकीगत इतक्या वेळा सांगितली जाई, की मार्सेलिस म्हणजे एक बोट, एक धक्का आणि मधले पाणी, एवढेच चित्र मनात पक्के झाले होते. गेल्या जुलैत भाच्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. तो नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक आहे. (तेथील लोक गावाचे नाव ‘मार्सेय’ असे उच्चारतात, मी आपला जुनाच उच्चार चालू ठेवला.) बंदर पाहून झाले, धक्क्यावर हात जोडून झाले, तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, बंदर सगळेच पाहतात. आता तुम्हाला गावाचा खरा किनारा दाखवतो.”

हा खरा किनारा शहराच्या आग्नेयेस सुरू होतो. ले गूद नावाच्या कोळ्यांच्या वस्तीपासून कासी या लहानशा बंदरगावापर्यंत सुमारे वीस किलोमीटर पांढऱ्या चुनखडकाचे डोंगर सरळ समुद्रात उतरले आहेत. डोंगरांना मध्येमध्ये चिरा पडल्या आहेत आणि त्या प्रत्येक चिरेत समुद्र आत शिरून बसला आहे. अशा चिरेला तेथे ‘कॅलांक’ म्हणतात. तिथलच्या किंवा दमणच्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाने येथे वाळूचा पट्टा शोधू नये. दोन बाजूंना उभे कडे, मध्ये हिरवेनिळे पाणी आणि अगदी आतल्या टोकाला दहावीस कुटुंबे बसतील एवढी गोट्यांची जागा. यालाच तेथे समुद्रकिनारा म्हणावयाचे.

बडोदेकरांना या जागेची कल्पना द्यावयाची तर महीच्या कोतरांचीच उपमा द्यावी लागेल. आणंदकडे जाताना वासदच्या पुलावरून दोन्ही बाजूंची ती खोल, वेडीवाकडी कोतरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती मातीची आहेत, ही दगडाची, हा फरक आहेच. पण उद्या खंभातचे आखात वर चढून त्या कोतरांत स्थिरावले तर जे दिसेल, त्याच जातीची ही रचना आहे. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरची वाट बंद होऊन भूमध्य समुद्र बव्हंशी आटला. समुद्राची पातळी खाली गेल्यावर काठच्या नद्यांनी खडक खोल कापून काढला. पुढे हिमयुगांत पाणी पुन्हा पुन्हा खाली गेले, शेवटच्या वेळी तर शंभर मीटरहूनही अधिक. आणि बर्फ वितळल्यावर ते परत वर आले. म्हणजे ज्या पाण्यात लोक आज पोहतात, ते एका बुडालेल्या दरीत पोहत असतात. आपल्या आखातात समुद्र दिवसातून दोनदा दहा मीटरपर्यंत वरखाली होतो आणि चिखल ढवळतो. येथील भरती जेमतेम वीतभर. गाळ आणणारी नदी नाही, पाऊस थोडा. पाणी इतके नितळ का, हे कोडे मग राहत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही कासीहून पायी निघालो. पहिला कॅलांक पोर-मियू. दीडएक किलोमीटर आत घुसलेली ही अरुंद खाडी शिडाच्या होड्यांनी भरलेली असते, आणि सौंदर्याच्या शोधात निघालेला प्रवासी तेथे फार थांबत नाही. मी मात्र तेथेच सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो. एका बाजूचा डोंगर सुरीने वडी कापावी तसा कापलेला आहे. ही दगडाची जुनी खाण. विसाव्या शतकाच्या आरंभी सोडा तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने येथील चुनखडक आपल्या कारखान्यासाठी नेण्यास सुरुवात केली, आणि खाण वाढत जाणार हे दिसताच मार्सेलिसचे लोक उठले. हे लोक कोण? त्यात रविवारी डोंगर चालणारे पुष्कळ होते. १८९७ साली या शहरात पायी भटकणाऱ्यांचे एक मंडळ निघाले होते. सुटीच्या दिवशी स्वस्तात हवा खावी, हा त्यांचा साधा छंद. १३ मार्च १९१० रोजी सुमारे तीन हजार माणसे या पोर-मियूवर जमली आणि ‘हा किनारा आमचा आहे, तो फोडू नका’ असे सांगू लागली. निसर्ग वाचविण्यासाठी फ्रान्समध्ये निघालेल्या अगदी पहिल्या मोर्चांत या मोर्चाची गणना होते. त्यानंतर चारच महिन्यांनी त्याच शहराच्या धक्क्यावर आपल्या इतिहासातला तो प्रसंग घडला. एकाच गावच्या एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. एक आम्हाला तोंडपाठ, दुसरी कानावरही आली नव्हती.

मोर्चाने खाण बंद पडली, असे लिहावयास मला आवडले असते. तसे झाले नाही. खाण १९८१ पर्यंत चालू होती. परंतु लोकांनी विषय सोडला नाही. १९७५ मध्ये या डोंगरांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात जमिनीहून समुद्राचाच भाग कितीतरी मोठा आहे. तरीही तोवर समुद्रात काय काय गेले याचा हिशेब वेगळाच. गार्दान या गावच्या ॲल्युमिना कारखान्याचा लाल गाळ १९६० च्या दशकापासून २०१५ अखेरपर्यंत नळाने आणून कासीसमोरच्या खोल समुद्रात सोडला जात होता. वरच्या निळ्या पाण्यावरून खालचे काही कळत नाही.

पोर-मियूची आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. या कोरड्या डोंगरात थेंबभर पाणी नाही, वाटेवर विहीर नाही, नळ नाही. मात्र डोंगराच्या पोटातून एक नदी वाहते आणि ती समुद्राच्या पातळीखालीच समुद्राला मिळते. हे पाणी पिण्यास मिळावे म्हणून १९७० च्या दशकात तिच्या भुयारात बांध घालून पाहिला. खारटपणा काही गेला नाही. तेव्हा तेथे जाणाऱ्याने माणशी दोन लिटर पाणी पाठीवर घ्यावे, हे उत्तम.

पुढचा पोर-पँ. काठावर पाइनची झाडे, थोडी वाळू, डबे उघडून बसलेली कुटुंबे. जागा गोड आहे, त्याहून जास्त लिहिण्यासारखे नाही.

तिसरा ऑं-व्हो. येथे मात्र लेखणी अडखळते. वाट आधी डोंगरमाथ्यावर नेते आणि मग एका घळीतून खाली सोडते. लाखो पावलांनी घासून दगड आरशासारखे गुळगुळीत झाले आहेत. भाचा पुढे, मी मागे, दोन ठिकाणी तर सरळ बसून उतरलो. खाली पोहोचलो तेव्हा दोन्ही कड्यांच्या मधोमध पाण्याची एक निळी गल्ली उभी होती. कड्यापासून सुटलेला एक सुळका आहे, त्याला ‘देवाचे बोट’ म्हणतात. दोराने चढणारी तरुण मुलेमुली कड्यावर मुंग्यांसारखी चिकटलेली होती. १९२१ साली मार्सेलिसमध्ये जन्मलेला गास्ताँ रेबुफा याच कॅलांकांच्या दगडावर चढणे शिकला, आणि १९५० मध्ये अन्नपूर्णेवर गेलेल्या फ्रेंच तुकडीत तो होता. हिमालयाच्या वाटेची मुळाक्षरे समुद्रकाठी गिरविली गेली, हे मला फार आवडले.

पाण्यात पाय घातला आणि तोंडून ‘अगं आई’ निघाले. भर जुलैत पाणी बर्फासारखे! आधीचे दोन दिवस मिस्त्राल वाहत होता. हा उत्तरेचा कोरडा, झोंबरा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, वरचे तापलेले पाणी लांब ढकलतो आणि त्याच्या जागी तळचे गार पाणी वर येते. शेजारच्या आजीबाई गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून मैत्रिणीशी शांतपणे गप्पा मारीत होत्या. मी गुडघ्याइतक्या पाण्यावर समाधान मानले.

दुसऱ्या दिवशी डोंगर बंद. उन्हाळ्यात वणव्याची भीती असते. वारा व कोरडेपणा पाहून कोणता भाग उघडा ठेवावयाचा हे रोज ठरते आणि भाच्याच्या दूरध्वनीच्या पडद्यावर लाल रंग उमटतो. लाल म्हणजे जाणे नाही; त्यावर हुज्जत नाही, वशिला नाही.

तिसऱ्या दिवशी सुजितों येथे जावयाचे होते, आणि तेथून मामाभाच्यांचा वाद सुरू झाला. हा कॅलांक विद्यापीठाच्या आवारामागून तासाभरात गाठता येतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या एकेका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसे त्या चिमुकल्या जागी उतरू लागली. पायांनी माती सुटली, पाइनची मुळे उघडी पडली, नवे रोप उगवेना. म्हणून २०२२ पासून भर उन्हाळ्यात दिवसाला फक्त चारशे माणसांना प्रवेश मिळतो. आधी नाव नोंदवावे लागते. पैसा मात्र एकही लागत नाही.

भाच्याला हे पटत नव्हते. “मामा, या शहरात गरीब वस्त्या पुष्कळ आहेत. त्या पोरांना उन्हाळ्यात दुसरे काय आहे? बसमध्ये बसायचे आणि समुद्रावर जायचे. आता त्यालाही नोंदणी!”

“आणि पाइन मेले तर ती पोरे कोणाच्या सावलीत बसणार?” मी म्हणालो.

“पाइन बोटीतून येणाऱ्या श्रीमंतांनी मारले नाहीत का?”

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मोठ्या बोटींचे नांगर तळावरच्या पोसिडोनिया गवताची कुरणे उखडतात, आणि हे गवत फार सावकाश वाढते. माशांची पिल्ले त्यातच वाढतात. काठावर त्याची वाळलेली पाने साचतात त्यांना लोक घाण समजतात, प्रत्यक्षात तोच थर लाटांपासून वाळू राखतो. बोटींवरही आता ठिकठिकाणी नांगराची बंदी आहे, हे मी त्याला सुनावले. शिवाय जागा विकत दिली असती तर मी त्याच्याच बाजूने भांडलो असतो. पण प्रवेश फुकट ठेवून मोजका करणे यात गरिबाचा अपमान मला दिसत नाही. १९१० साली तीन हजार माणसे ज्या किनाऱ्यासाठी उभी राहिली, त्यांच्या नातवंडांना त्याच किनाऱ्यावर तीन हजारांनी जाता येऊ नये, हे मात्र चमत्कारिक आहे खरे, आणि त्याचे दुःख भाच्याला होते ते मला कळत होते. आमची नावे चारशेत लागली. पाणी पाहिले, मोरघार दिसते का म्हणून कड्याकडे बराच वेळ पाहिले; दिसली नाही. ही आपल्याकडचीही पाखरे तेथे अगदी थोडी उरली आहेत.

मॉर्जियूला जाणारी बस माझार्ग या उपनगरातून जाते. तेथे उतरून आम्ही युद्धस्मशान पाहिले. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी पलटणी मार्सेलिसला उतरल्या आणि समुद्राजवळच्या बोरेली उद्यानात त्यांचे तंबू पडले. त्या फौजेत आमच्या खडकीच्या सॅपर्स तुकड्याही होत्या, म्हणजे त्यांत मराठे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूव्ह-शापेलच्या लढाईत त्या तुकड्यांची फार हानी झाली. माझार्ग येथे हिंदी सैनिकांचे स्मारक १९२५ मध्ये उभे राहिले. ज्यांचे दहन झाले अशा दोनशेहून अधिक जणांची स्मृती तेथे जपली आहे. बसमधून पोहण्याच्या पिशव्या घेऊन चाललेली मुले त्या भिंतीकडे पाहतही नाहीत. त्यांनी का पाहावे? पण मराठी माणूस तिकडे गेला तर त्याने अर्धा तास काढावा.

मॉर्जियू हे कोळ्यांचे छोटे बंदर, लाकडी झोपड्या, जाळी, मांजरे. त्याच्या टोकाच्या भूशिराखाली या सर्व किनाऱ्याचे गुपित आहे. १९८५ मध्ये आंरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला पाण्याखाली सदतीस मीटरवर एका भुयाराचे तोंड सापडले. भुयार वर चढत जाऊन एका गुहेत निघते, आणि गुहेच्या भिंतींवर माणसांच्या हातांचे ठसे, घोडे, रानबैल, सील आणि आता पृथ्वीवरून नाहीसे झालेले मोठे ऑक पक्षी रंगविलेले व कोरलेले आहेत. १९९१ मध्ये त्या भुयारात तीन पाणबुडे वाट चुकून मेले. त्यानंतर हा शोध जाहीर झाला आणि गुहेचे तोंड बंद करण्यात आले. सर्वांत जुनी चित्रे सत्तावीस हजार वर्षांहूनही आधीची मानतात. तेव्हा समुद्र कित्येक किलोमीटर दूर होता आणि या दारातून माणसे पायी आत येत.

ओखामंडळ आपल्या जुन्या बडोदे राज्यात होते, त्यामुळे समुद्राने गिळलेल्या द्वारकेची कथा आपल्या घरांत नुसती पुराणातली नाही, ती शेजारची आहे. ती ऐकत वाढलेल्या मला मॉर्जियूच्या धक्क्यावरून त्या भूशिराकडे पाहताना नवल कमी आणि ओळख जास्त वाटली.

मूळ गुहेत कोणी जाऊ शकत नाही. तिची प्रतिकृती २०२२ मध्ये मार्सेलिसच्या बंदराजवळ उघडली आहे, ती आम्ही पाहिली. गुहेचा बराचसा भाग पूर्वीच बुडाला, आणि समुद्र अजून वर येत असल्यामुळे पाण्याच्या रेघेजवळचे घोडे पुसले जात आहेत. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे आत उतरून भिंतीचा इंच न् इंच मोजून नोंदवून ठेवीत आहेत. प्रतिकृतीत ते घोडे पाण्यालगत दाखविले आहेत. भाच्याची सात वर्षांची मुलगी कठड्यावरून वाकून किती तरी वेळ त्यांचे पाय मोजीत होती.