कातडी चुगली करते तेव्हा

सोलापूरच्या भवानी पेठेत दारात बसून विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईचे हात बघा. पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार भरेपर्यंत बोटं थांबत नाहीत. असे तळवे खरखरीत होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण काही कारण नसताना तळहात जाड, मखमली झाले आणि त्यावरच्या रेघा खोल उठून दिसू लागल्या, तर डॉक्टर सावध होतात. वैद्यकात या तळहातांना चक्क वजडीचं नाव आहे! प्रकार दुर्मीळ, पण नोंदलेल्या रुग्णांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना आत कुठेतरी कॅन्सर निघाला, बहुतेकदा फुफ्फुसाचा किंवा जठराचा.

काळी मान मात्र घरोघरी दिसते. तो मळ नव्हे, घासून जाणार नाही. बिचाऱ्या पोरांची मान उगाच सोलू नका. वजन आणि शुगर तपासा, बहुतेकांचं उत्तर तिथेच मिळतं. पन्नाशी ओलांडलेल्या सडपातळ माणसाची मान नि काखा काही महिन्यांत काळ्या पडल्या आणि वजनही उतरू लागलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जठराकडे बघावं लागतं.

आता बेंबी. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉ. विल्यम मेयो यांच्या हाताखाली सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी होत्या. ऑपरेशनआधी रुग्णाचं पोट स्वच्छ करताना त्यांच्या बोटांना काहींच्या बेंबीत टणक गाठ लागायची, आणि पोट उघडल्यावर आत पसरलेला कॅन्सर दिसायचा. 1928 मध्ये त्यावर लेख लिहिला मेयोंनी. गाठीला सिस्टरचं नाव मिळालं ते 1949 मध्ये, त्यांना जाऊन दहा वर्षं झाल्यावर. नर्सचं नाव लागलेल्या खुणा वैद्यकात शोधूनही फारशा सापडणार नाहीत.

नखांची परीक्षा फुकटात होते. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावून धरा. मधे शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली तर ठीक. फट बुजली असेल आणि बोटांची टोकंही फुगली असतील, तर छातीचा एक्स-रे काढायला हवा. विडी ओढणाऱ्याने तर टाळूच नये. हृदयाच्या आजारातही असं होतं. ही युक्ती दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. लिओ शॅमरॉथ यांची. स्वतःच्या हृदयाला जंतुसंसर्ग झाला तेव्हा त्यांनी आपल्याच बोटांवर ती टिपली.

पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर पुरळ आणि जिना चढताना मांड्यांत बळच नाही, हे त्रिकूटही दाखवण्याजोगं. आपल्या सावळ्या रंगावर तो जांभळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून उजेडात बघा.

सगळ्यात फसवा तो स्तनाग्राचा इसब. एकाच बाजूला, खपल्या धरणारा, कधी पाझरणारा. जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्येच सांगून ठेवलंय, की याच्या मागोमाग स्तनाचा कॅन्सर येतो. आपल्याकडे मात्र लाजेपायी मेडिकलमधून ट्यूबवर ट्यूब आणली जाते. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथली माणसं गावोगाव फिरून लोकांना लक्षणं समजावत होती. कारण असं दुखणं बाई आपणहून सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांत इसब हटला नाही, तर तिसरी ट्यूब आणण्याऐवजी सिव्हिलचा केसपेपर काढा.