कळांचा निरोप कोण धाडतं?

‘दिवस भरले, पण कळा काही येईनात!’ नववा महिना सरत आला की घरोघरी हे ऐकू येतं. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. मग खरी तारीख ठरवतं कोण?

मेंढीपुरतं याचं उत्तर १९६०च्या दशकात ऑकलंडच्या डॉ. माँट लिगिन्स यांनी शोधलं. पोटातल्या कोकराची पियुषिका ग्रंथी निकामी केली, तर पाच महिने उलटले तरी मेंढी विईना. उलट कोकराला कॉर्टिसॉल दिलं, तर ती वेळेआधीच व्याली. म्हणजे निरोप पिल्लाचा होता, आईचा नव्हे.

बाईचं गणित अधिक गुंत्याचं. गर्भाशयाला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन मेंढीच्या रक्तात शेवटी झपाट्यानं उतरतं. बाईच्या रक्तात मात्र ते वार पडेपर्यंत भरपूर असतं. गर्भाशयाचे स्नायू तेवढे त्याला जुमानेनासे होतात. दरम्यान वार सीआरएच हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात सोडते, इस्ट्रोजेनचा जोर चढतो. सुट्या सुट्या स्नायूपेशी एकमेकींना जोडल्या जातात आणि ऑक्सिटोसिनची हाक ऐकणारे ग्राही कित्येक पटींनी वाढतात. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असलेलं पिशवीचं तोंड प्रोस्टाग्लँडिनमुळे ओठांसारखं मऊ पडतं. मग बाळाचं डोकं तिथे दाबलं जातं, त्या दाबानं ऑक्सिटोसिन स्रवतं, त्यानं कळ येते आणि कळेनं दाब आणखी वाढतो. हे चक्र बाळ बाहेर आल्यावरच थांबतं. खोट्या कळा येतात आणि विरतात, खऱ्या मात्र चढतच जातात, त्या यामुळे.

लिगिन्स यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. कॉर्टिसॉलमुळे फार लवकर जन्मलेलं कोकरू चक्क श्वास घेत होतं, कारण त्याची फुप्फुसं आधीच पिकली होती. त्यातूनच रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन पाहिलं. १९७२ साली निष्कर्ष छापून आले: अशा बाळांना श्वासाचा त्रास कमी झाला आणि जास्त बाळं जगली. आज हा उपचार जगभर रूढ आहे.

मात्र या इंजेक्शनचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून सदतीस आठवडे भरण्याआधी पोट वरचेवर कडक होऊ लागलं किंवा पाणी गेलं, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.