दिव्याखालचा अंधार

'दिव्याखालीं अंधार' ही म्हण आपण बहुधा शेजाऱ्याच्या घराविषयीं वापरतों. आपल्या स्वतःच्या मनांतहि तसाच एक अंधारा कोपरा आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. स्वित्झर्लंडांतील मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताव्ह युंग (१८७५–१९६१) यांनीं त्यास 'छाया' असें नांव दिलें. स्वभावाचा जो अंश आपणांस लाजिरवाणा वाटतो, तो आपण दृष्टीआड करितों. पण दृष्टीआड झालेली वस्तु नाहींशी होत नाहीं. ती आडून आपणांस चालवीत राहते.

युंग यांस याचा प्रत्यय बाराव्या वर्षींच आला. ते बाझल येथील शाळेंत शिकत असतां एका मुलानें त्यांस ढकललें व त्यांचें डोकें दगडावर आदळलें. त्याच क्षणीं 'आतां शाळा सुटली!' असा विचार त्यांच्या मनांत चमकून गेला. पुढें शाळेची किंवा अभ्यासाची गोष्ट निघाली, कीं त्यांस मूर्च्छा येऊं लागली. सहा महिन्यांहून अधिक काळ ते घरीं राहिले. वैद्यांस निदान होईना. हें सोंग नव्हतें. मूर्च्छा खरीच होती. पण तिचें मूळ डोक्यांत नसून मनाच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यांत होतें.

एके दिवशीं त्यांचे वडील, जे एक गरीब धर्मोपदेशक होते, मित्रापाशीं मन मोकळें करीत होते: जवळचा पैसा संपला, मुलगा बरा न झाला तर तो पोट कसें भरणार? झुडुपाआडून हें ऐकतांच मुलाचे डोळे उघडले. तो तडक आंत गेला व लॅटिन व्याकरण घेऊन बसला. मूर्च्छा आली, सांवरून पुन्हां वाचूं लागला. ती पुन्हां आली, तरी त्यानें पुस्तक सोडिलें नाहीं. कांहीं आठवड्यांत तो शाळेंत परतला. हा सारा डाव आपल्याच मनानें रचिला होता, हें उमगल्यावर त्यास स्वतःची लाज वाटली.

विद्यार्थिमित्रांनो, छाया ओळखण्याची एक खूण आहे. दुसऱ्याचा एखादा दोष पाहून संताप अनावर झाला, तर तोच दोष आपल्या अंगीं दडला नाहीं ना, हें पाहावें. मात्र छाया मान्य करणें म्हणजे तिच्या आहारीं जाणें नव्हे. 'मला भीति वाटते', 'मला मत्सर वाटतो' असें स्वतःशीं प्रामाणिकपणें म्हणतां आलें, म्हणजे त्या विकाराचा जोर ओसरूं लागतो. शिवाय त्या कोपऱ्यांत केवळ दोषच नसतात. संकोचानें दडपलेलें धैर्य आणि कलागुणहि तेथेंच पडून असतात.

पालकांसहि एक विनंति. परीक्षेच्या सकाळीं मुलाचें पोट दुखूं लागलें, तर त्यास एकदम 'ढोंगी' म्हणूं नये. वैद्यास दाखवावेंच, पण जवळ बसवून 'तुला कशाची भीति वाटते?' असेंहि विचारावें. दिवा उचलून धरिला, कीं त्याच्याखालचा अंधारहि दिसूं लागतो.