चार चाकांचा जोर आणि सात टक्क्यांचा हिशेब

ऑल-व्हील-ड्राइव्ह सेदानमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना मिळतो. चारही चाके इंजिनच फिरवते म्हटल्यावर गाडी पेट्रोलही दुप्पट पिणार, हा या गाड्यांबद्दलचा सर्वांत जुना आणि सर्वांत चुकीचा समज. गाडी पुढे न्यायला किती ऊर्जा लागेल हे तिचे वजन, वेग, हवेचा अवरोध, टायर रस्त्यावर दबत घरंगळताना वाया जाणारी शक्ती आणि वाटेतला चढ यांवरून ठरते. हे काम दोन चाकांनी केले काय किंवा चौघांनी वाटून घेतले काय, काम तेवढेच. धान्याचे पोते दोघांऐवजी चौघांनी उचलले म्हणून त्याचे वजन वाढत नाही.

तरीही फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. तुलना मात्र एकाच गाडीच्या दोन रूपांची हवी. मोठ्या इंजिनाची ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी लहान इंजिनाच्या साध्या गाडीशेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष इंजिनाबद्दल सांगतो, चाकांबद्दल नाही. २०१९ ची बीएमडब्ल्यू ३३०आय हे सोयीचे उदाहरण आहे. दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही रूपांत तोच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या आकड्यांनुसार फक्त मागची चाके चालवणारी ३३०आय गॅलनला सरासरी ३० मैल जाते आणि चारही चाके चालवणारे एक्सड्राइव्ह रूप २८ मैल. आपल्याकडच्या भाषेत, पहिलीचे ‘ॲव्हरेज’ लिटरला सुमारे पावणेतेरा किलोमीटर आणि दुसरीचे बाराच्या जरासे खाली. ईपीए वर्षाचा खर्च काढताना १५,००० मैल धरते, म्हणजे साधारण २४,००० किलोमीटर. तेवढ्या अंतरात चार चाकांपायी सुमारे ३६ गॅलन, म्हणजे १३५ लिटर पेट्रोल जास्त जळते. दुप्पट सोडाच, जेमतेम सात टक्के.

हे सात टक्के जातात कुठे, ते अशी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिली की दिसते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. तिच्यातून जोराचा एक वाटा पुढे नेणारा शाफ्ट निघतो, तो गिअरबॉक्सच्या कडेने पुढच्या डिफरन्शियलपर्यंत जातो आणि तिथून दोन आखूड शाफ्ट दोन चाकांकडे जातात. या सगळ्याचे वजन साधारण ५० ते ८० किलो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या ठोकताळ्यानुसार ४५ किलो जादा वजनामागे इंधनाचा खर्च एखाद्या टक्क्याने वाढतो. म्हणजे सातांपैकी एक-दोन टक्के वजनाच्या खात्यात टाकता येतात. बाकीचा मोठा वाटा फिरणाऱ्या भागांचा आहे. डिफरन्शियलमधले दाते घट्ट गिअर ऑइलमध्ये बुडून फिरत असतात आणि ते ऑइल सतत घुसळले जाते. त्यात बेअरिंगचे आणि ऑइल सीलचे घर्षण मिळवावे लागते. या घुसळणीचे वैशिष्ट्य असे, की चाकांपर्यंत किती जोर जातो आहे याच्याशी तिचे फारसे देणेघेणे नसते. गाडी घाट चढत असो की सपाट रस्त्यावर आरामात चालली असो, हा भुर्दंड जवळपास सारखाच. म्हणूनच हलक्या पायाने चालवताना, एकूण खर्चच कमी असतो तेव्हा, तो टक्केवारीत जास्त भरतो.

इथेच दुसरा गैरसमज उघडा पडतो. पुष्कळ गाड्यांमध्ये ही यंत्रणा गरजेपुरती चालते. चाक घसरण्याची चिन्हे दिसली की बहुपट्टी क्लच दाबला जातो, एरवी दोनच चाके गाडी ओढतात. मग एरवी खर्च शून्य, असे वाटणे साहजिक आहे. पण क्लच मोकळा असला तरी त्याच्या पलीकडचा शाफ्ट आणि डिफरन्शियल रस्त्यावर घरंगळणारी चाके फिरवतच राहतात. जोर वाहून न नेणारे भागही ऑइल घुसळतात. हा तोटा थांबवायचा तर शाफ्ट दोन्ही टोकांना सोडवावा लागतो. ऑडीने २०१६ मध्ये आणलेल्या ‘क्वाट्रो अल्ट्रा’ रचनेत नेमके तेच केले आहे. गिअरबॉक्सजवळ एक क्लच, मागच्या डिफरन्शियलमध्ये दुसरा, आणि दोन्ही सुटले की मधला शाफ्ट चक्क थांबतो. कायम चारही चाके चालवणाऱ्या ऑडीच्या क्वाट्रोच्या तुलनेत १०० किलोमीटरमागे सरासरी ०.३ लिटर वाचतात, असे कंपनीनेच सांगितले. दावा विक्रेत्याचा आहे हे खरे, पण त्यातच आधीच्या रचनेत वाया जाणाऱ्या इंधनाची कबुलीही आहे.

ऑडी म्हणजे क्वाट्रोच, ही समजूत १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनातल्या त्या गाजलेल्या कूपेपासून चालत आली आहे. भारतात २०२१ नंतर विकल्या गेलेल्या ए४ आणि ए६ सेदान मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. त्यांच्या ॲव्हरेजचा दोष क्वाट्रोला देता येत नाही, कारण ती त्यांच्यात नाहीच. चाकणला जोडली जाणारी मर्सिडीजची एस ४५० फोरमॅटिक ही खरी चारही चाकांची.

कंपनीचा आकडा आणि टाकी फुल करून काढलेला आकडा जुळत नाही, याचेही खापर याच यंत्रणेवर फुटते. भारतातल्या जुन्या पद्धतीच्या अधिकृत चाचणीत, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, गाडी रोलरवर चालवली जाते आणि तिचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९० वरून १२० वर गेल्यास तो पावणेदोन पटींच्या वर जातो. त्यापुढे वरचे सात टक्के किरकोळ ठरतात. इंधनाचेही तसेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलऐवजी २० टक्के इथेनॉलचे ई२० भरल्यावरच ऊर्जेत सहा-सात टक्क्यांची घट येते, मग गाडी दोन चाकांची असो की चारांची.

ब्रिटिश मासिकातला आकडा वाचताना आणखी एक फसगत होते. तिथला गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेतला ३.७८५ लिटरचा. तीच गाडी, तेच पेट्रोल, पण ब्रिटनमध्ये ३६ मैल आणि अमेरिकेत ३०.

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोकडच्या मराठी घरांत ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली जाते ती बर्फासाठी, आणि हिवाळ्यात ॲव्हरेज उतरले की संशय तिच्यावरच येतो. पण उणे ७ अंश तापमानात शहरातल्या फेऱ्यांना कोणत्याही पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घसरते. ऑइल थंडीने घट्ट होते, इंजिन तापायला वेळ लागतो आणि गार हवा दाटही असते. चारही चाकांच्या गाडीत घट्ट होणारे ऑइल जरा जास्त, एवढाच फरक.

विजेवरच्या सेदानमध्ये गणित उलटेही होते. टेस्ला मॉडेल एस ८५ या एका मोटरच्या गाडीची ईपीएनुसार पल्ला २६५ मैल होता. दोन मोटरच्या ८५डीचा मात्र २७०. तिथे पुढच्या ॲक्सलपर्यंत शाफ्ट न्यावा लागत नाही, केबल नेली की झाले. शिवाय त्या क्षणी जी मोटर किफायतशीर तिच्यावर भार टाकता येतो. सरसकट नियम मात्र नाही. मॉडेल ३ मध्ये मागच्या चाकांची गाडीच जास्त काटकसरी आहे.

टायरचा मुद्दा कोणत्याच जाहिरातीत नसतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तीन टायर झिजून ३ मिलिमीटरवर आलेले असताना फुटलेल्या एकाच टायरच्या जागी नवा घातला, तर त्याची त्रिज्या ५ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दीड टक्क्याने जास्त असते. ते चाक प्रत्येक किलोमीटरला बाकीच्यांपेक्षा कमी फेरे घेते. डिफरन्शियलला आणि मधल्या क्लचला हा फरक अखंड सोसावा लागतो, क्लच तापतो, त्याच्या पट्ट्या लवकर झिजतात. म्हणून या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात. दीड टक्क्याच्या त्या फरकात घर्षणाने जाणारे इंधन अधिकृत आकड्यात येत नाही, कारण चाचणीच्या गाडीचे चारही टायर सारखे असतात.