जुन्या विहिरीची ऊब

थंडीत घरचा बॉयलर गॅस जाळतो आणि कार्बन हवेत सोडतो. हीच ऊब गॅस न जाळता मिळाली तर?

नॉर्थ यॉर्कशरमधल्या कर्बी मिस्परटन गावी केएम-८ ही गॅसची विहीर आहे. तिथल्या नियोजित फ्रॅकिंगविरुद्ध २०१७ साली मोठी आंदोलनं झाली. त्याच विहिरीत २०२३ साली सेराफाय कंपनीने वेगळा प्रयोग केला. नळीत नळी सोडायची. बाहेरच्या नळीतून पाणी खाली जातं, खोलवरच्या खडकाच्या उष्णतेने तापतं आणि आतल्या नळीतून वर येतं. खडक फोडायचा नाही, विहीर नव्याने खणायची नाही. पंपापुरती वीज मात्र लागते.

एक मोठी अडचण: ऊब फार लांब नेणं परवडत नाही. आपल्या मुंबई हायच्या विहिरी तर भर समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर! म्हणून जुनी विहीर बुजवण्याआधी विचारायला हवं, जवळ वस्ती आहे का?