किल्ली काढून घेतली तरी दार उघडते

साठी उलटलेला माणूस रात्री चारपाचदा लघवीला उठू लागला, की घरची माणसे म्हणतात, "वय झालं, चालायचंच!" पुष्कळदा ते खरेही असते. वयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्गावर दाब आणते. परंतु कोणाकोणाच्या या ग्रंथीत कर्करोगाची गाठ असते. त्या गाठीची एक खोड आज आपण समजून घेऊ.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिची वाढ टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या हुकमाने चालते. हे संप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होते व रक्तातून येते. पेशीत त्याला ओळखणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली. किल्ली बसली की कुलूप उघडते आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम मिळतो.

मग किल्लीच काढून घेतली तर? हाच विचार शिकागोचे शल्यवैद्य चार्ल्स हगिन्स यांनी केला. वृषणे काढली, म्हणजे रोग मागे हटतो, हे त्यांनी १९४१ साली दाखवले. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज शस्त्रक्रियेऐवजी बहुधा इंजेक्शने देऊन तेच साधतात. रोग्याला उतार पडतो, हाडांतली कळ थांबते.

पण काही महिन्यांनी वा वर्षांनी बऱ्याच रोग्यांत गाठ पुन्हा डोके वर काढते. रक्तात तर टेस्टोस्टेरॉन अगदी कमी! म्हणून पूर्वी डॉक्टर म्हणत, की ही गाठ आता संप्रेरकावाचून वाढते. पुढे शोध लागला तो निराळाच. कुलूप तेच होते. गाठीने ते उघडण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या.

पहिली युक्ती अशी, की पेशी कुलुपांची संख्या वाढवते. मग उरल्यासुरल्या किल्ल्यांवरही काम भागते. दुसरी युक्ती म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून येणाऱ्या कच्च्या मालापासून गाठ स्वतःच किल्ली घडवते. तिसरी फार बिलंदर. पेशी मोडके कुलूप बनवते. किल्ली बसायची जागाच त्यात नसते, तरी ते सदा उघडेच! अशा एका ग्राहीला एआर-व्ही७ म्हणतात.

याखेरीज एक मागचे दारही आहे. एकेटी नावाचे प्रथिन पेशीला वाढायला व तगून राहायला लावते. पीटेन हे दुसरे प्रथिन त्याला बैलाच्या वेसणीसारखे आवरून धरते. पुष्कळ गाठींत हे पीटेनच नाहीसे झालेले असते. वेसण तुटली, की बैल उधळणारच, नाही का?

हे कळले म्हणून नवी औषधे निघाली. अबिराटेरॉन हे किल्ली घडवण्याचे कामच बंद पाडते. एन्झालुटामाइड कुलपाच्या भोकात बोळा बसवते. अमेरिकेत ही औषधे २०११ व २०१२ साली मान्य झाली. मोडक्या कुलपापुढे मात्र दोन्हींचे फारसे चालत नाही. तेथे डोसेटॅक्सेलसारख्या निराळ्या औषधांकडे वळावे लागते.

आता ध्यानात ठेवण्याच्या तीन गोष्टी. बरे वाटले तरी पीएसए ही रक्ताची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्या; गाठ जागी झाल्याचे ती बहुधा दुखण्याच्या आधी सांगते. रोग उलटला, आता इंजेक्शन कशाला, असे म्हणून ते आपल्या मनाने सोडू नका. कुलूप अजून तेच आहे, त्याला आणखी किल्ल्या मिळू देऊ नयेत. आणि अशा रोग्याची पाठ जोराने दुखू लागली किंवा पायांतले बळ गेले, तर गाठीने मणक्यातली मज्जारज्जू दाबली असण्याचा संभव असतो. अशा वेळी मालिश करीत बसू नका, उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.